अक्षरांचे बारसे



मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत फरक आहे तो अवघ्या एका मात्रेचा. पण पहिल्या कामासाठी माणसांना आमंत्रण द्यावे लागते आणि दुसऱ्या कामासाठी ती आपण होऊन येतात. आपल्या वार्षिक अंकाच्या संपादक मंडळाला गेल्या पंधरवड्यात या सत्याचा चांगलाच प्रत्यय आला. त्या अनुभवावरून मला जे वाटले ते येथे मांडतो. हे मत माझे एकट्याचे आहे, मंडळाचे नव्हे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

प्रसंग असा. आपल्या अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. वर्षानुवर्षे त्यांची मांडणी इतकी वेगळी होत आली आहे की, दोन निराळे अंक चुकून एकत्र शिवले गेले असावेत असे वाटावे. मराठी विभागाचा टाइप बारीक आणि टोकदार, कन्नड विभागाचा ठसठशीत आणि गोल. त्यातून गेल्या वर्षी छापखान्यातल्या संगणकाला आमच्या पेनड्राइव्हमधील अक्षरे ओळखता आली नाहीत आणि दोन कवितांच्या जागी नुसते चौकोन उमटले. (एका वाचकाने ही नवकविता असावी असे समजून तिचे कौतुकही केले. असो.) तेव्हा आपल्यातील तिघांनी उन्हाळ्याच्या सुटीत एक उद्योग आरंभला. एकाच रुंदीचा बोरू घेऊन, आलेखाच्या कागदावर त्यांनी देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांची अक्षरे काढली. मग ती संगणकावर घेऊन त्यांचा फॉन्ट तयार केला. यंदाच्या अंकाचे सारे मथळे त्याच अक्षरांत छापायचे ठरले. अक्षरे झाली, आता बारसे राहिले. मंडळाने सूचनाफलकावर जाहीर केले की, ज्याला नाव सुचेल त्याने चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावे.

चिठ्ठ्या भरपूर आल्या. पण त्या वाचताना आनंदापेक्षा काळजीच वाढत गेली. मराठी विभागाच्या मुलांनी एकमताने एक नाव सुचवले, कन्नड विभागाच्या मुलांनी तितक्याच एकमताने दुसरे. दोन्ही थोर पुरुषांची नावे. कँटीनमध्ये आवाज चढले. शेवटी कोणीतरी तोडगा काढला की, मराठी अक्षरांना एक नाव द्या, कन्नड अक्षरांना दुसरे, म्हणजे तंटा मिटेल. त्यावर अक्षरे काढणाऱ्या तिघांपैकी एकजण फारच हळू आवाजात म्हणाला, "मग मी कुणीकडचा?" हा मित्र घरी कन्नड बोलतो, पण आपल्या नव्या फॉन्टमधील मराठी अक्षरे त्याने काढलेली आहेत. त्याच्या या प्रश्नाला कोणापाशी उत्तर नव्हते. मी हा लेख लिहायला बसलो तो त्या प्रश्नामुळे.

प्रथम मूळ शंका. अक्षरांच्या वळणाला नाव हवेच कशाला? आमच्या ओळखीचे एक काका आयुष्यभर खिळे जुळवण्याचे काम करत होते. त्यांना विचारले तर ते हसले. म्हणाले, "आम्ही 'बारा पॉइंट काळा' नि 'बारा पॉइंट पांढरा' एवढंच म्हणायचो रे. नाव कोण विचारतंय?" पण थोड्या वेळाने त्यांचे त्यांनाच आठवले. शिशाचे खिळे झिजत. एखादे अक्षर कमी पडले की फाउंड्रीकडून नवे मागवावे लागे. तेव्हा नेमका कोणता टाइप ते सांगितले नाही, तर दुसऱ्याच वळणाचा 'क' येऊन पडे आणि छापलेल्या ओळीत तो एकटाच परक्यासारखा उभा दिसे. म्हणजे नाव हे अलंकारासाठी नव्हते, पत्त्यासाठी होते. योग्य अक्षर योग्य घरी यावे यासाठी होते. नावाचे पहिले काम हेच, आणि आजच्या संगणकातही ते बदललेले नाही. फाइलमध्ये अक्षरवळणाचे नाव लिहिलेले असते. त्या नावाचा फॉन्ट समोरच्या यंत्रात नसेल तर ते दुसरा कोणता तरी वापरते, नाहीतर चौकोन दाखवते. या रिकाम्या चौकोनांना परदेशात 'टोफू' असे खाद्यपदार्थाचे नाव पडले आहे. जगातल्या कोणत्याही लिपीत असे चौकोन दिसू नयेत म्हणून गूगलने फॉन्टांचे एक मोठे कुटुंब तयार करवले आणि त्याचे नाव ठेवले 'नोटो', म्हणजे 'नो टोफू'. एवढ्याशा नावात साऱ्या खटाटोपाचे कारण सांगून झाले.

आपल्याकडे अक्षरांच्या वळणांना नावे देण्याची रीत छापखान्याहून जुनी आहे. आपल्या पूर्वजांनी लिपीलाच 'बाळबोध' म्हटले. लहान मुलालाही कळावी ती बाळबोध. इतके सरळ आणि नम्र नाव जगात क्वचितच एखाद्या लिपीला लाभले असेल. मोडीतही चिटणिशी, बिवलकरी, रानडी अशी निरनिराळी वळणे होती आणि ज्या घराण्यांत वा दप्तरांत ती रुळली त्यांची नावे त्यांना मिळाली. पुढे छापखाने आले. जावजी दादाजी चौधरी यांनी मुंबईत १८६४ साली टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी पोलादी ठशांवर जी अक्षरे कोरली, ती इतकी देखणी उतरली की देशभर संस्कृत ग्रंथ त्या अक्षरांत वाचले जाऊ लागले. त्या अक्षरांना 'निर्णयसागर' हेच नाव पडले. कोणी सभा घेऊन ते ठेवले नाही. छापखान्याचे नाव अक्षरांना चिकटले आणि काम चांगले होते म्हणून टिकले. मात्र ज्याच्या हातांनी ते ठसे कोरले त्या आरूंचे नाव आज किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? अक्षर वाचणाऱ्याला कोरणारा दिसत नाही, हे या व्यवसायाचे जुने दुःख आहे. लोकमान्य टिळकांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला आणि ती एकशे नव्वदांच्या आसपास आणली. तो 'टिळक टाइप' म्हणून ओळखला जातो.

यानंतरचा काळ आला तो आकड्यांचा. संगणकावरची जुळणी सुरू झाली आणि एकेका संचात शेकडो वळणे मिळू लागली. इतक्यांना नावे कोठून आणणार? मग 'श्री-देव ०७१४', 'कृतिदेव ०१०' असे क्रमांक आले. आजही लग्नपत्रिका छापायला जा; समोरचा माणूस सहज विचारतो, "सातशे चौदात करू का?" गैरसोय काहीच नाही, काम भागते. पण तुरुंगातील कैद्याला आणि रेल्वेच्या डब्याला क्रमांक असतो, पोटच्या मुलाला नसतो. ज्या अक्षरांत आपण आपली पहिली कविता छापलेली पाहिली, त्यांचे नाव विचारले असता चार आकडी उत्तर मिळावे हे मला तरी रुक्ष वाटते. म्हणून मंडळातील ज्या व्यवहारी मित्राने 'लोंढा ०१' असे नाव सुचवले, त्याची चिठ्ठी मी प्रथम बाजूला ठेवली. नाव सोपे आहे, पण ते नाव नसून पावती आहे.

आता आलेल्या चिठ्ठ्यांचा विचार करू. सर्वांत मोठा गठ्ठा होता तो थोर पुरुषांच्या आणि देवतांच्या नावांचा. शिवछत्रपतींचे नाव मराठी मुलांना सुचणार आणि कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे किंवा संगोळ्ळी रायण्णांचे नाव कन्नड मुलांना सुचणार, यात नवल काही नाही. रायण्णांना १८३१ साली फाशी दिले ते आपल्याच खानापूर तालुक्यातील नंदगडला. ही नावे आपल्याला वंदनीय आहेत. वंदनीय आहेत म्हणूनच ती मला येथे नकोत. फॉन्ट हा चाकर आहे. तो लग्नपत्रिकेवर जाईल, तसाच 'भव्य सेल'च्या फलकावर आणि भजी बांधायच्या कागदावरही जाईल. उद्या कोणी म्हणेल, "राणी चन्नम्मा जरा बारीक करा, शिवाजी जरा आडवा करा." हे ऐकवेल का आपल्याला? शिवाय 'शिवाजी' नावाचे फॉन्ट अगोदरच प्रचारात आहेत, म्हणजे नावाचे पहिले काम, पत्त्याचे, तेही साधणार नाही. आणि तिसरे म्हणजे, अशा नावांना कोणी विरोध केला तर तो अक्षरांना केलेला विरोध राहत नाही. महापुरुषाला केलेला होतो. वादाला बसण्याअगोदरच एका बाजूचे तोंड बंद करणारे नाव चांगले कसे म्हणावे?

दुसरा गठ्ठा भारदस्त संस्कृत नावांचा. 'अक्षरब्रह्म', 'सर्वोत्तमा', 'दिव्यलेखा' वगैरे. आपल्या मराठीच्या सरांचा याकडे ओढा आहे, तेव्हा त्यांची क्षमा मागून लिहितो. नावातच स्वतःची स्तुती असली की पुढे ती निस्तरावी लागते. हर्मान झाप्फ या जर्मन कलावंताने १९५८ च्या सुमारास एक फार सुंदर टाइप काढला. त्याच्या मनात साधे नाव होते. पण विक्री खात्याने ठेवले 'ऑप्टिमा', म्हणजे 'सर्वांत उत्तम'. ते नाव झाप्फला कधीच फारसे रुचले नाही. इतक्या मोठ्या कारागिराला जेथे संकोच वाटला, तेथे आपल्या पहिल्यावहिल्या प्रयत्नाला आपण 'ब्रह्म' म्हणावे काय? आपल्या 'ण' चा पोटातला भाग अजून नीट झालेला नाही, हे सरांनीच दाखवून दिले होते.

तिसरा गठ्ठा गोड नावांचा: फुले, पक्षी, मिठाया. यांच्याविषयी मला आपुलकी आहे. कन्नडमधील 'केदगे' आणि 'मल्लिगे' हे फॉन्ट म्हणजे आपला केवडा आणि आपला मोगरा. 'गुब्बी' आणि 'नविलु' म्हणजे चिमणी आणि मोर. मराठी कलावंतांनी मुंबईत केलेला 'मोदक' तर प्रसिद्धच आहे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी काढलेली ती अक्षरे इतकी गुबगुबीत आहेत की, आतली पोकळी दिसते न दिसते. नाव ऐकले की अक्षर डोळ्यांपुढे येते आणि अक्षर पाहिले की नाव आठवते. नाव आणि रूप यांचे असे जमले पाहिजे. आपली अक्षरे मात्र मोदकासारखी नाहीत आणि केवड्यासारखीही नाहीत. ती बोरूची, काटकोनात वळणारी, सांध्यांपाशी जाड आणि मधे बारीक अशी आहेत. तेव्हा 'रसगुल्ला' सुचवणाऱ्या मित्राने अक्षरे एकदा नीट पाहावीत आणि मग जेवायला जावे.

राहता राहिली ती नद्यांची आणि गावांची नावे. ही वाट मळलेली आहे आणि चांगलीही आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९५७ साली निघालेल्या एका टाइपाचे नाव प्रथम 'नोये हास ग्रोटेस्क' असे लांबलचक होते. १९६० साली ते बदलून 'हेल्व्हेटिका' केले. लॅटिनमध्ये स्वित्झर्लंडला 'हेल्व्हेशिया' म्हणतात. देशाचेच नाव जसेच्या तसे टाइपाला देणे बरे नव्हे, म्हणून त्याचे विशेषण करून घेतले. नाव बदलले आणि तो टाइप जगभर गेला. आपल्याकडे विंडोज संगणकात देवनागरीसाठी र. कृ. जोशी यांनी केलेला 'मंगल' आला, तर कन्नडसाठी 'तुंगा' आणि तेलुगूसाठी 'गौतमी' आले. शृंगेरीवरून वाहणारी तुंगा कन्नड माणसाला सांगावी लागत नाही आणि गौतमी म्हणजे गोदावरी हे मराठी माणसालाही ठाऊक आहे. या न्यायाने 'मलप्रभा' ही चिठ्ठी मला फार आवडली होती. आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी, दोन्ही भाषांत त्याच नावाने हाक मारली जाणारी नदी. पण तिचे नाव निघताच म्हादईच्या पाण्याचा विषय निघाला आणि पेटी बाजूला राहून पाणीवाटपावर तासभर चर्चा झाली. या भागात नद्यासुद्धा मोकळ्या राहिलेल्या नाहीत. १९५६ पासून आपण नावांच्या बाबतीत हळवे आहोत. २०१४ साली जिल्ह्याच्या ठिकाणाचे सरकारी नाव बदलले, तेव्हा एका घरात दोन नावे कशी नांदतात हे आपण पाहिलेच आहे. त्यावर येथे मत देण्याचे कारण नाही. पण इतके खरे की, नाव म्हणजे नुसता शब्द नसतो, हे इतर कोणाला सांगावे लागेल, लोंढ्याच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.

मग दोन नावांचा तोडगा का नको? त्याचे उत्तर अक्षरांतच आहे. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. कन्नड अक्षराच्या माथ्यावर छोटासा 'तलकट्टु' असतो आणि खाली गोल अंग. देवनागरीत जोडाक्षराचा पहिला भाग अर्धा होऊन शेजारी बसतो. कन्नडमध्ये दुसरे व्यंजन 'ओत्तक्षर' होऊन पायाशी बसते. इतक्या निराळ्या स्वभावाची अक्षरे एका पानावर भावंडांसारखी दिसावीत, म्हणून आपल्या मित्रांनी शिरोरेषेची जाडी आणि तलकट्टूची जाडी एकच ठेवली, त्यासाठी कितीतरी कागद फाडले. जे जोडण्यासाठी दोन महिने घालवले, ते नाव देताना दोन मिनिटांत तोडायचे काय? मुंबईच्या एक टाइप या गटाने दहा-एक वर्षांमागे 'बलू' नावाचा फॉन्ट काढला. 'जंगल बुक'मधील अस्वलाचे नाव. तो अनेक भारतीय लिप्यांत आहे. नाव सर्वत्र एकच ठेवले, पण पुढे प्रत्येक भाषेतील नाते जोडले: गुजरातीत 'बलू भाई', बंगालीत 'बलू दा', पंजाबीत 'बलू पाजी', तमिळमध्ये 'बलू तंबी' आणि कन्नडमध्ये 'बलू तम्मा'. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या कन्नड विभागाच्या मित्राला हे सांगितले तेव्हा तो खुदकन हसला. त्या पंधरवड्यात तो प्रथमच हसला असावा. हसून घेऊन तो म्हणाला, "पण धाकटा आम्हीच का रे?" तोही मुद्दा खराच! तथापि, मुख्य तत्त्व मला पटते: नाव एक हवे.

आणखी दोन गोष्टी व्यवहाराच्या आहेत. पहिली, रोमन लिपीतील रूप. नाव मराठीत वा कन्नडमध्ये ठेवले तरी संगणकाच्या पोटात ते रोमन अक्षरांत लिहावेच लागते आणि पुष्कळदा लोक तेच वाचतात. रोमनमध्ये काय होते, याचा दाखला आपले गाव आहे. 'एल-ओ-एन-डी-ए' असे लिहिले की 'ढ' चा 'ड' होतो आणि गोव्याहून येणारा प्रवासी 'लोंडा आले का?' म्हणून विचारतो. मराठीत 'लोंढा' म्हटले की पाण्याचा, माणसांचा जोर डोळ्यांपुढे उभा राहतो. 'लोंडा' म्हटले की काहीच राहत नाही. एका 'एच'च्या अभावी एवढे नुकसान! तेव्हा नाव असे हवे की, ते रोमनमध्ये गेले तरी त्याचा कान कापला जाऊ नये.

दुसरी गोष्ट नावाच्या रक्षणाची. अमेरिकेसारख्या देशात अक्षरांच्या आकारावर मालकी हक्क मिळत नाही. नावाला मात्र व्यापारचिन्ह म्हणून संरक्षण मिळते. म्हणूनच एका कंपनीने हेल्व्हेटिकासारखी अक्षरे विकली ती 'स्विस ७२१' अशा दुसऱ्या नावाने. आपले तिघे मित्र तर फॉन्ट सर्वांना मोफत आणि खुला देणार आहेत. अशा खुल्या परवान्यात एक कलम असते: ज्याला हवे त्याने अक्षरांत फेरफार करावा, पण मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या फॉन्टाला दुसरे नाव द्यावे. म्हणजे आकार आपण वाटून टाकणार. आपल्याकडे उरणार ते फक्त नाव. ज्यांचे नाव कोठेच छापून येणार नाही, त्या कारागिरांची एवढी एकच खूण. ती घाईने आणि आरडाओरडा करून ठरवण्यासारखी नाही.

आता माझी सूचना. मी सुचवतो: 'सांधा'.

आपण जंक्शनवर राहतो. एक रूळ बेळगाव-मिरजेकडे जातो, एक धारवाड-हुबळीकडे आणि एक कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्याला. हे रूळ जेथे एकमेकांना मिळतात आणि गाडी एकावरून दुसऱ्यावर जाते, त्या जागेला आपण सांधा म्हणतो. सांधेवाल्याची ड्यूटी आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी केलेली आहे. सांध्यावर कोणताही रूळ आपले वळण सोडत नाही. तरी गाडी जाते. आपल्या फॉन्टात दोन लिप्या जेथे मिळतात तेथेही असेच घडले आहे. शिवाय अक्षराच्या दोन रेघा मिळतात त्या जागेलाही आपण सांधाच म्हणतो आणि या फॉन्टाचे सारे वैशिष्ट्य त्या जाड सांध्यांत आहे. म्हणजे नाव रूपाला शोभते.

हरकती येतील. कोणी म्हणेल, त्यापेक्षा 'संधी' घ्या. तो शब्द मराठी आणि कन्नड दोन्ही व्याकरणांत आहे. मीही आधी तेच लिहिले होते. कन्नडमध्ये लोपसंधी, आगमसंधी, आदेशसंधी शिकवतात, आपल्याकडे स्वरसंधी आणि व्यंजनसंधी. परंतु मराठी कानाला 'संधी' म्हटले की लगेच 'संधिसाधू' आठवतो आणि वडीलधाऱ्यांना संधिवात. फॉन्ट तिरपा केला की कोणीतरी म्हणणारच, "संधिवात झाला वाटतं!" कोणी म्हणेल 'जंक्शन' घ्या, दोन्हीकडे चालते. चालते खरे, पण दोन घरच्या माणसांना नाव ठेवण्यासाठी तिसऱ्याच्या घरून शब्द उसना आणावा लागला, याचे मला वाईट वाटेल. 'सांधा' हा मराठी शब्द आहे, ही हरकत सर्वांत मोठी. म्हणून मी माझी चिठ्ठी पेटीत टाकण्याअगोदर आमच्या त्या कन्नडभाषी मित्राला दाखवली. त्याने ती बराच वेळ पाहिली. म्हणाला, "आमच्याकडे 'संदु' म्हणतात. जोड, फट. तुझा शब्द आमच्या शेजारचाच आहे." मग त्याने खिशातून पेन काढले आणि माझ्या शब्दाखाली तोच शब्द कन्नड लिपीत लिहिला. आमचा अनुस्वार डोक्यावरचे टिंब. त्यांचा शेजारी बसलेला पूर्ण गोल. त्यांच्या लिपीत 'द' च्या पायाशी एक बारीक रेघ दिली की 'ध' होतो. ती रेघ त्याने मुद्दाम ठळक काढली आणि म्हणाला, "रोमनमध्ये एच विसरू नकोस. नाहीतर आपल्या गावासारखं व्हायचं."

त्याने 'आपल्या गावासारखं' म्हटले, 'तुमच्या' म्हटले नाही, हे मला विशेष वाटले.

माझेच नाव निवडावे असा माझा मुळीच आग्रह नाही. याहून चांगले नाव कोणापाशी असेल तर त्याने जरूर द्यावे. त्याच्या तीन परीक्षा मात्र घ्याव्यात, एवढी विनंती. एक, ते मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत लिहून, आपल्याच फॉन्टात मोठे छापून भिंतीवर लावावे आणि दूर उभे राहून पाहावे; कारण नाव हाच फॉन्टाचा पहिला नमुना असतो. दोन, गाडी फलाटात शिरत असताना ते मोठ्याने उच्चारावे. पलीकडच्या माणसाला पहिल्या खेपेस ऐकू आले तर ठीक. तीन, ज्यांनी ही अक्षरे काढली त्या तिघांना विचारावे की, हे नाव घेताना तुमच्यापैकी कोणाला बाहेर उभे राहिल्यासारखे वाटते का? तिसऱ्या परीक्षेत एकजण जरी 'होय' म्हणाला, तरी ते नाव कितीही मोठ्या बहुमताने निवडून आलेले असो, मागे घ्यावे. बारशाला नाव ठेवण्याचा मान आपल्याकडे आत्याचा असला तरी, मूल कोणाचे याचा विसर पडून चालत नाही.

चिठ्ठ्यांची पेटी शनिवारपर्यंत ग्रंथालयात ठेवलेली आहे. या वेळी प्रत्येक चिठ्ठीवर नाव दोन्ही लिप्यांत लिहावे असे मंडळाने ठरवले आहे. ज्याला दुसरी लिपी येत नसेल त्याने शेजारच्या बाकावरील मित्राकडून लिहून घ्यावे.

— तृतीय वर्ष, कला
(मराठी विभाग)